ओहोटीच्या वेळा: खडपावरच्या सहलीची कामवही

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार (कार्तिक शुद्ध चतुर्थी)

आजपासून या कामाची वही. करायचंय ते असं: आरे-वारे ते गणपतीपुळे पट्ट्यात आमच्या वाडीखालचं खडप, म्हणजे समुद्रातला खडकाळ कातळ, ओहोटीला उघडं पडतं. त्या वेळी तिथल्या डबक्यांत काय काय राहतं ते पाहुण्यांना फिरवून दाखवायचं. पैसे घेऊन, आणि कुणाच्या पायाला खरचटू न देता.

खडपाचं वेड जुनंच. भावंडं पुळणीवर क्रिकेट खेळायची तेव्हा मी खळग्यांपाशी बसलेली असायचे. पुढे रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात जायला लागले. ते १९५८ पासून आहे. तिथलं मत्स्यालय, संग्रहालय आणि देवमाशाचा सांगाडा बघायला शाळांच्या सहली येतात. बरण्यांवरची नावं वाचायची आणि घरी येऊन तेच प्राणी जिवंत शोधायचे, असा माझा अभ्यास झाला. पदवी या विषयातली नाही, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. ती सोडायची नाही. शनिवार-रविवार आणि शिल्लक रजा यांत हे बसवायचं.

पाहुणे इथे येतात, देवदर्शन करतात, आरे-वारेच्या वळणावर फोटो काढतात, मासे खातात आणि परततात. खडपाच्या कडेला येऊन "इथे नुसते दगडच आहेत" म्हणत मागे फिरणारी माणसं मी कायम बघत आले. त्या दगडावर आठ पट्ट्यांचं कवच पाठीवर घेऊन कायटन चिकटलेला असतो, शेजारी बार्नेकलची वस्ती असते. बार्नेकल दिसतं शिंपल्यासारखं, पण गोतावळा खेकड्या-कोळंबीचा. एवढं कुणी सांगितलं तरी माणूस खाली बसून बघायला लागतो. दिवाळीत आलेल्या नातेवाइकांच्या ओळखीच्यांनी "पैसे सांगा, पण आम्हाला न्या" म्हटलं, तेव्हा हे खरोखर चालू शकेल असं वाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार (शुद्ध अष्टमी)

आज दिवसभर पंचांग आणि कॅलेंडर शेजारी ठेवून बसले. या कामाचा सगळा पाया इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आज अष्टमी, म्हणजे सहाला भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे दुपारी बाराच्या पुढे. हिशेब ढोबळ आहे. पक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्यायची, पण महिन्याचा आराखडा पंचांगावर चटकन उभा राहतो.

दुपारी बाराला खाली जाऊन पाहिलं. अपेक्षेप्रमाणे पाणी फारसं हटलेलं नव्हतं. अष्टमीच्या आसपास भांग असते. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींना काटकोनात, त्यामुळे भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. वरची डबकी दिसतात. समुद्रफुलं (फुलांसारखे दिसणारे प्राणी), त्यांच्याच नात्यातल्या झोअँथिडचे हिरवे गालिचे, ऑक्टोपसची बिळं असलेला खालचा टप्पा पाण्याखालीच राहतो. तो उघडतो उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे.

म्हणजे विकायला मला दोनच पट्टे मिळतात. द्वादशीपासून अमावस्या किंवा पौर्णिमेपर्यंत ओहोटी दुपारनंतर, सव्वातीन ते साडेपाचच्या दरम्यान. प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत सकाळी, पावणेसात-सातपासून दहापर्यंत. उधाण साधारण पंधरवड्याने येतं, त्यामुळे शनिवार-रविवार एक आड एक कामाचे. येता आठवडा घेतला तर शुक्रवारी पौर्णिमा आणि शनिवारी वद्य प्रतिपदा, उत्तम. त्याच्या पुढचा आठवडा भांगेचा, कोरा.

माझ्या ओळखीचे एक होमस्टेवाले दादा म्हणतात, "दर शनिवारी दहाची सहल ठरवून टाक, नाश्ता झाला की पाठवतो." त्यांच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. पण दहाला खडप उघडं असेलच असं नाही, आणि पाण्याखालचं खडप दाखवायचे पैसे मी घेणार नाही. वेळ समुद्राची, हे पहिल्या दिवसापासून पाहुण्याला सांगायचं.

१६ नोव्हेंबर, शनिवार (वद्य प्रतिपदा)

शेजारच्या काकींना घेऊन पूर्ण वाट चालून पाहिली. काकी कालवं फोडायला खडपात उतरतात. त्यांच्या सासूबाईही उतरायच्या. मला प्राण्यांची नावं येतात, काकींना खडप येतं. हे दोन्ही एकत्र असल्याशिवाय सहल न्यायची नाही हे आज पक्कं केलं.

ओहोटी सातच्या सुमाराची. उजाडताच सव्वासहाला उतरलो. काकींनी सांगितलेलं तसंच लिहून ठेवते:

"हिरवं दिसेल तिथं पाय नाय टाकायचा. बार्नेकल म्हणतेस ना तू, त्या खरबरीत जागेवर टाक, तिथं पाय धरतो." खरंच आहे, केसांसारखं हिरवं शेवाळ सगळ्यात निसरडं. फक्त खरबरीत जागी पडलं की साल निघते, म्हणून बंद बूट सक्तीचे. चपला चालणार नाहीत.

"पाणी समोरून येतं असं लोकांना वाटतं. आपल्यात ते पाठीमागनं येतं." आमच्या खडपाच्या मागे एक घळ आहे. सुकती, म्हणजे ओहोटी, संपून पाणी फिरलं की आधी ती घळ भरते, बाहेरचा उंच कातळ मात्र अजून कोरडाच असतो. तिथे उभ्या माणसाला सगळं शांत वाटतं आणि परतीची वाट बुडायला लागलेली असते. सहा तासांच्या चढत्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. काकींना हे गणित माहीत नाही. दुसऱ्या तासाच्या सुरुवातीलाच त्या पाटी उचलतात.

त्यावरून नियम ठरला: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, आणि ओहोटीची वेळ झाली की सगळ्यांनी घळीच्या अलीकडे यायचं. त्यानंतरचा अर्धा तास वरच्या डबक्यांपाशी. पाहुण्याला ऑक्टोपस दिसलेला असो वा नसो.

आणि काकींचं शेवटचं: "दर्याला कधी पाठ दाखवायची नाय." फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहणाऱ्यांना हे सांगायचं काम काकींकडेच. त्यांचं लोक ऐकतील.

२४ नोव्हेंबर, रविवार

भाव. यावर घरात बराच खल झाला. आईचं म्हणणं, दगड बघायला कोण दोनशेच्या वर देईल? काकीही तेच म्हणाल्या. मी आकडे मांडले.

काकींना सहलीमागे ८००, माणसं तीन असोत की आठ. हा आकडा मी आधी लिहिला आणि बाकी सगळं त्यावरून बसवलं. त्या माझ्या मदतनीस म्हणून येत नाहीत. माणसांचा जीव त्यांच्या माहितीवर अवलंबून आहे. परतल्यावर वहिनीकडे घावणे, चटणी, चहा: माणशी १००. होमस्टेकडून पाहुणा आला तर त्यांना दहा टक्के. विमा, बूट, दोर, प्रथमोपचाराचं सामान मिळून सहलीमागे १५० धरले.

माणशी २०० घेतले तर आठ जणांचे १६००; काकी आणि नाश्ता यांतच संपले. माणशी ६०० घेतले तर सहा जणांचे ३६००, खर्च वजा जाता माझ्याकडे १६९०. तीन जण असले तर ३७०. दोघांत खिशातून जातात. म्हणून कमीत कमी तीन, जास्तीत जास्त आठ.

आठच का, बारा का नाहीत, हे दादांनी विचारलं. एका डबक्याभोवती आठ माणसं बसू शकतात. नववा उभा राहतो, आणि उभा राहिलेला माणूस इकडेतिकडे फिरायला लागतो. त्याच्या पायाखाली काय चिरडतंय ते कुणाला दिसत नाही. शिवाय दोघींची नजर आठांवरच पुरते. हा आकडा पैशासाठी वाढवायचा नाही.

२ डिसेंबर, सोमवार

कागदपत्रं. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या झाली, एक रुपया लागत नाही. फी मागणारी जी संकेतस्थळं दिसतात ती मध्यस्थांची. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची, तिथपर्यंत माझा हिशेब जाणार नाही. ग्रामपंचायतीला आणि सागरी पोलिसांना लेखी कळवलं. विमा एजंटला खडप म्हणजे काय ते समजावून सांगायला वेळ गेला, पण झालं.

राज्याच्या पर्यटन संचालनालयाचं 'आई' धोरण वाचलं. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. ज्यांना खोल्या बांधायच्यात त्यांनी जरूर बघावं. मला एवढ्या भांडवलाची गरजच नाही. माझं भांडवल खाली समुद्रात आहे, आणि बूट-दोराला साठवलेले पैसे पुरले.

८ डिसेंबर, रविवार

पाण्यात बघायचा डबा तयार केला. प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ गोल कापायचा, पारदर्शक अॅक्रेलिकचा तुकडा सिलिकॉनने बसवायचा, दिवसभर वाळू द्यायचा. डब्याचा तळ पाण्यात टेकवला की वरची चमक आणि तरंग जातात, खालचं स्वच्छ दिसतं. ऑक्टोपस बिळाच्या तोंडाशी शिंपल्यांचा ढीग करून ठेवतो, तो या डब्यातून अगदी नीट दिसतो. मुलांना फार आवडेल.

१४ डिसेंबर, शनिवार (शुद्ध चतुर्दशी, दत्तजयंती)

पहिली पैसे घेऊन नेलेली सहल. पुण्याचं कुटुंब आणि कोल्हापूरचं एक वयस्कर जोडपं. ओहोटी पावणेपाचची, सव्वातीनला उतरलो.

सुरुवातीला सगळे उभे राहून "काय बघायचं?" असं विचारत होते. मी काही न सांगता एका डबक्यापाशी सगळ्यांना बसवलं आणि थोडा वेळ गप्प राहायला सांगितलं. आपली सावली हलायची थांबली की डबकं कामाला लागतं: शंख चालायला लागतो, म्हणजे आत हर्मिट खेकडा आहे, मिटलेलं समुद्रफूल हळूहळू बोटं पसरतं, काचेसारखी कोळंबी कपारीतून बाहेर येते. लहान मुलीने पहिला खेकडा दाखवला आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. कोल्हापूरचे काका तर उठायलाच तयार नव्हते.

एक सुंदर कोन शंख होता. हात पुढे आला, तो मी थांबवला. कोन शंखाला विषारी दंश असतो आणि काही जातींचा दंश माणसाला जीवघेणा ठरू शकतो. यापुढे उतरण्याआधीच सांगायचं: माझ्याकडून नाव कळल्याशिवाय कशालाच हात नाही. आणि उन्हाचं मलम लावलेला हात डबक्यात घालायचाच नाही.

काकींनी कालवाचं शिंपलं फोडून दाखवलं. रिकामी वाटी परत त्याच कातळावर ठेवली, छोटे जीव त्यात राहतात म्हणून. त्यांच्याभोवती सगळ्यात जास्त वेळ गर्दी होती. घरी जाताना ८०० रुपये त्यांनी पदरात बांधले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळेला तिसऱ्यांचं पण सांगेन." तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या.

२३ डिसेंबर, सोमवार (वद्य अष्टमी)

नाताळच्या सुट्टीसाठी फोनवर फोन. सगळ्यांना २५ ते २७ हवेत. नेमकी भांग नुकतीच सरतेय. २५ ला दशमी, ओहोटी भर दुपारी पावणेदोनला आणि तीही अर्धवट. नाही सांगितलं. "आम्ही दुप्पट देतो" असंही एकांनी म्हटलं. पैसे दुप्पट दिले तरी पाणी तेवढंच हटणार. त्यांना २८, २९ च्या दुपारच्या किंवा ३१ नंतरच्या सकाळच्या वेळा दिल्या. काहींनी मुक्काम पुढे ढकलला. ज्यांना जमलं नाही त्यांना झाडगावचं मत्स्यालय सुचवलं.

दादांना यातलं एक पटलं: वेळेसाठी माणसं मुक्काम वाढवतायत, म्हणजे त्यांची खोली एक रात्र जास्त भरते. त्यांनी स्वतःहून पंधरवड्याच्या वेळा स्वागतकक्षात फळ्यावर लिहायला घेतल्या.

२ जानेवारी २०२५, गुरुवार (पौष शुद्ध तृतीया)

३१ पासून रोज सहल भरलेली. ३० ला अमावस्या होती, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीला पाणी खूप मागे हटलं होतं. आज साडेआठच्या ओहोटीला खालच्या टप्प्यावर समुद्री ससा दिसला. बाहेरून कवच न दिसणारी गोगलगाय ही, मऊ, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. एवढ्या खाली तो उघड्यावर सापडणं म्हणजे भाग्यच. पाहुण्यांपेक्षा माझाच आनंद जास्त होता आणि तो लपवायचं काही कारण नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार (माघ शुद्ध चतुर्थी)

माघी गणेश जयंती. पुळ्याला प्रचंड गर्दी, आणि ओहोटी सव्वानऊची. यावरून एक गोष्ट ठळक झाली, ती पुढच्या आखणीसाठी लिहिते: आपले सण तिथीवर चालतात आणि समुद्रही. दिवाळी पाडवा ही नेहमीच शुद्ध प्रतिपदा, भाऊबीज द्वितीया. म्हणून त्या सकाळी दरवर्षी सात ते आठच्या दरम्यान उधाणाची ओहोटी मिळणारच. माघी चतुर्थीला दरवर्षी नऊच्या पुढे. इंग्रजी तारखांच्या सुट्ट्या मात्र दरवर्षी वेगळ्या पाण्यावर पडतात, त्या आधी तपासून मगच जाहीर करायच्या.

आज एका गृहस्थांनी पोवळ्याचा वाळलेला तुकडा खिशात टाकला. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली टणक पोवळी, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे संरक्षित आहेत. मेलेला तुकडा नेणंही गुन्हा ठरतो. शांतपणे सांगितलं, त्यांनी परत ठेवला. पण कायद्यापलीकडचंही सांगितलं: रिकामा शंख म्हणजे वाढत्या हर्मिट खेकड्याचं पुढचं घर. कपाटात ठेवलेला प्रत्येक शंख इथे कमी पडतो. हे ऐकून त्यांच्या मुलाने स्वतःचा खिसाही रिकामा केला.

१६ मार्च, रविवार

शिमगा. पालखी घरी येणार, वाडीतलं कुणीच कामाला नाही, मीही नाही. होळीच्या आठवड्यात वेळा उत्तम होत्या तरी बंद ठेवलं आणि ठेवणार.

मोकळ्या वेळात हिशेब पाहिला. सरासरी सहलीला पाच-सहा माणसं, म्हणजे धरलेल्या आकड्यांच्या जवळपासच. ही कमाई लॅबच्या पगाराएवढी होणार नाही आणि तशी मी धरलीही नव्हती. पण काकींच्या हातात ठरलेला पैसा येतो, वहिनीच्या घावण्यांचे वेगळे गिऱ्हाईक तयार झाले, आणि कर्ज शून्य. काकी आता नवीन खळगा सापडला की मला फोन करतात, "ये बघायला, जांभळं कायतरी आहे."

उन्हामुळे एप्रिलपासून फक्त प्रतिपदा ते चतुर्थीच्या सकाळच्या वेळा ठेवायच्या. दुपारी तीनचा कातळ पाय भाजतो, आणि उथळ डबक्यांतलं पाणी तापून प्राणी कपारीत शिरलेले असतात.

२४ मे, शनिवार

हंगाम संपला, ठरवल्यापेक्षा आधी. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र आज रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. वारा, पाऊस, खडपावर लाटा फुटतायत. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा आधीच आला होता, तो आला त्याच दिवशी महिनाअखेरच्या अमावस्येनंतरच्या सगळ्या नोंदण्या रद्द करून पूर्ण पैसे परत केले. इशारा असताना उतरायचं नाही, यात चर्चा नाही. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही दोन महिने बंद.

बूट धुऊन, वाळवून, वर्तमानपत्र भरून माळ्यावर. दोर नवा घ्यायचा. डब्याचं सिलिकॉन एका बाजूने सुटलंय, ते पावसाळ्यात करता येईल. काकींच्या बहिणीची सून कालवं फोडायला जाते. तिला ऑक्टोबरपासून बरोबर घ्यायचं, म्हणजे मोठ्या सुट्ट्यांत एका सकाळी दोन गट वेगवेगळ्या खळग्यांवर नेता येतील. तिलाही ८००.

शके १९४७ चं पंचांग गुढीपाडव्यालाच आणलं होतं. भाऊबीज २३ ऑक्टोबरला. डिसेंबरची अमावस्या २० च्या आसपास, म्हणजे यंदाच्या नाताळात २१ ते २५ सलग सकाळची ओहोटी. गेल्या वर्षी ज्यांना नाही म्हटलं त्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर आहे. आधी त्यांना फोन करायचे.